शैलाची बोटं

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर शैलाचा सख्खा भाऊ. तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून कदाचित तोंड उघडतंय. बघू, कुठवर बोलवतं ते.

शैला माझी धाकटी नणंद. माहेर आगाशीचं, म्हणजे आमचंच घर, सासर गिरीजला. दोन्हीकडे केळीची वाडी, पोरं मार्गाला लागलेली. काही वर्षांपूर्वी, दसरा तोंडावर आला असताना तीच म्हणाली, "वहिनी, विरारहून जन्मभर मुंबईकडेच गेलो. एकदा उलटं जाऊया ना!"

गेलो. डहाणूकडची गाडी धरली, पालघरला उतरून जव्हारची एसटी. घाटात भात पिवळं पडायला लागलं होतं, दरडींवर तेरडा फुललेला. शैला खिडकी सोडेना. तिला इतकं खूश मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. जव्हारला मुक्काम केला आणि सकाळी जीपने आणखी आत, वैतरणेच्या काठाला. धरणामुळे तिथे पाणी पार पसरलंय. पलीकडच्या पाड्यावर जायला एक होडी होती. पोहता दोघींनाही येत नव्हतं. मी नको म्हणाले. ती हसली, "अगं, मी आहे ना!" आणि मला हाताला धरून चढवलं.

तुम्हाला वाटत असेल, ही उगाच लांबण लावतेय. लावतेच आहे.

पलीकडचा काठ जवळ आला होता. होडी पाण्याखालच्या कुठल्याशा झाडाच्या बुंध्यावर चढली — आणि कलंडली. नाकातोंडात पाणी. माझ्या डाव्या हाताला होडीची कड लागली. उजवं मनगट शैलाने पकडलं होतं, दोन्ही हातांनी. होडीच्या पलीकडच्या बाजूने नावाडी ओरडत होता, "सोडू नका, बाय! धरून ऱ्हावा!"

कडेवरची माझी पकड निसटत होती. खरंच निसटत होती का? की भीतीने तसं वाटलं? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय, की आता खरं काय ते सांगता येत नाही. शैलाचं तोंड पाण्याबाहेर होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

मी मनगट होडीच्या कडेवर आपटलं. तिची बोटं चिरडतील असं. तिने सोडलं नाही. मी पुन्हा आपटलं.

मग ती दिसेनाशी झाली.

नावाड्याने बुडी मारली. केसांना धरून तिला वर काढलं, काठावर पालथी घातली. तिने पाणी ओकलं, खोकली, श्वास घेतला. डोळे उघडल्यावर पहिलं काय बोलली? — "वहिनी, माझा हात सुटला गं."

मी म्हणाले, "हो. सुटला."

तिची बोटं सुजली होती. होडीवर आपटली असतील, तीच म्हणाली. घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, वहिनीने मला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. हळदीकुंकवाला, बारशाला, कुठेही विषय निघाला की ती हेच सांगते. बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी बशी उचलते, आत जाते. ती नुसती दंडाला हात लावून हाक मारते, तरी वाटतं — आठवलं का हिला? आणि आधीपासूनच आठवत असेल तर? तर मग ती हे सगळं का सांगत फिरते?

गेल्या महिन्यात तिची नात, ईरा, अर्नाळ्याचा पाण्यातला किल्ला बघायचाच म्हणून हटून बसली. शैला आता पाण्यात पाऊल घालत नाही. ती वाळूवरच थांबली. होडी लाटांवर हलत होती. ती बघून पोर घाबरली, आजीचा पदर सोडेना. शैलाने हलकेच तिची मूठ सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"हिला धर," ती ईराला म्हणाली. "ही सोडत नाही. तेव्हासुद्धा हात माझाच सुटला होता."

बोलायला वेळ होता. होडीवाला आणखी माणसांची वाट बघत थांबला होता. शैला माझ्यासमोर उभी होती, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं.

मी पोरीचा हात घट्ट धरला आणि होडीत चढले.