भाऊजींची रायफल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मोहनला नाही, मुलांना नाही, देवासमोर बसूनही नाही — त्याला माहीत असेलच, पण तो बिचारा बोलत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुमचा विश्वासच बसला नसता. मी शांत बाई म्हणून प्रसिद्ध आहे. ॲनेस्थेटिस्ट आहे ना, ऑपरेशनआधी पेशंटचा हात धरून गोड बोलायचं आणि त्याला झोपवायचं, हे माझं रोजचं काम.

सुरुवात कुठून करू? इथे इंग्लंडात पिस्तुलांवर बंदी आली तेव्हापासून करते. त्या दिवसांत आमच्या रायफल क्लबातला जो तो मला एकच प्रश्न विचारायचा. बंदूक बाळगणाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणारी एक संघटना आहे, तिचं मेंबर होण्यात काही अर्थ आहे का? मी क्लबची सेक्रेटरी, आणि त्या संघटनेची जुनी मेंबर, म्हणून मला विचारायचे. मी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं. त्यांचं मासिक सरळ रद्दीत टाका. वार्षिक जेवणाला जाऊ नका, तिथे सगळे तितर मारणारे लॉर्ड असतात आणि मटण कच्चं असतं. त्यांचा स्टिकर गाडीवर चुकूनही लावू नका, चोराला घर दाखवल्यासारखं होईल. पार्लमेंटमध्ये त्यांचं कोणी ऐकत नाही. पण पोलीस तुमच्या दारात उभे राहतात आणि तुमचं कोणी ऐकून घेत नाही, त्या दिवशी संघटनेचा वकील येतो. तेवढ्यासाठी व्हा मेंबर.

हे मी स्वतः अनुभवलं होतं. इथे आल्यावर रायफलच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा पोलिसांनी मला विचारलं होतं की मिस्टरांना हे माहीत आहे का! कॉलेजात असताना पुण्यात एनसीसीत मी मुलांना हरवायची, आणि इथे माझ्या परवान्यासाठी मिस्टरांची संमती? महिनोन् महिने काही हललं नाही. संघटनेच्या माणसाने एक फोन केला आणि परवाना आला. म्हणून मी सगळ्यांना सांगायची, व्हा मेंबर.

एका माणसाला मात्र मी उलटं सांगितलं.

अविनाश, माझे दीर. मोहनचा धाकटा भाऊ, आमच्याच हॉस्पिटलमध्ये ऑर्थोपेडिक सर्जन. लग्न झाल्यापासून मी त्यांना भाऊजी म्हणते आणि ते मला वहिनी. क्लबात त्यांना मीच नेलं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, मग ट्रिगर — हे मीच शिकवलं. दोन-तीन वर्षांत ते माझ्या पुढे गेले आणि काउंटीच्या टीममध्ये निवडले गेले. त्याचा मला राग नव्हता. असं मी म्हणते आहे खरी — थोडा असेलही. पण खरा राग दुसराच होता.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये कन्सल्टंटची, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या डॉक्टरची, जागा निघाली. ते काम मी दीड वर्ष करतच होते, नुसती पाटी नव्हती. मुलाखतीच्या आधी पॅनेलमधल्या एका साहेबाने कॉफी पिताना भाऊजींना विचारलं, तुमची वहिनी कशी आहे? आणि भाऊजी म्हणाले, उत्तम आहे, पण तिचा जीव घरात आहे हो, दोन मुलं आहेत, नाइट्स तिला झेपणार नाहीत. तिथे बसलेल्या त्या साहेबाच्या सेक्रेटरीने हे मला शब्द न् शब्द सांगितलं. जागा मिळाली मी शिकवलेल्या एका पोराला. त्या संध्याकाळी भाऊजी चॉकलेटचा डबा घेऊन घरी आले. "नेक्स्ट टाइम नक्की, वहिनी," म्हणाले. मी त्यांच्यासाठी पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घालून दिले.

मोहनला मी सांगितलं नाही. भाऊजींना जाबही विचारला नाही. का नाही विचारला? विचारलं असतं तर ते घाबरेघुबरे झाले असते, माफी मागितली असती, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं.

मग दसरा आला. इथे आपले सगळे सण शनिवारी येतात, तसा तोही शनिवारी. भाऊजींनी बेसिंगस्टोकच्या त्यांच्या घरी शस्त्रपूजा ठेवली. पाटावर ऑर्थोपेडिकची जाडी पुस्तकं, ऑपरेशनची जुनी अवजारं, गाडीची किल्ली, आणि मध्ये त्यांची टार्गेट रायफल. हळद-कुंकू, गार्डन सेंटरमधला झेंडू. माणूस काटेकोर, हे मला मान्य करावंच लागेल. रायफलचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही, तो काढून त्यांनी खिशात ठेवला होता. गोळ्या कपाटात कुलपात होत्या. कायदा असा की बंदूक एक तर कुलपात हवी, नाही तर परवानेवाल्याच्या नजरेसमोर. कॉव्हेंट्रीहून आलेले डॉक्टर जोशी आणि बाकीची मंडळी श्रीखंड-पुरी खायला आत जायला निघाली, तेव्हा भाऊजी माझ्याकडे आले.

"वहिनी, तुमचंही लायसन्स आहे. पाच मिनिटं बसाल इथे? नजर असू दे. मी सगळ्यांना वाढून येतो आणि लॉक करतो."

मी बसले. ते परत येईपर्यंत मी त्या पाटासमोरून उठले नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण खरं एवढंच आहे, यानंतर मी काहीही बोलले असले तरी.

त्याच महिन्यात पोलिसांचा अधिकारी क्लबच्या वार्षिक तपासणीला आला. बंदुकांचे परवाने बघणारा, सभ्य, वयस्क माणूस. नवा कायदा नुकताच कडक झाला होता आणि पोलीस जरा बिचकूनच होते. चहा पिता पिता त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, कोणा मेंबरबद्दल काही काळजी? दर वर्षी मी नाही म्हणायची. त्या वर्षी मी कप खाली ठेवला. सांगायला नको, पण सेक्रेटरी म्हणून सांगावं लागतंय — अशी मी सुरुवात केली. मला आवाज लावायचा सरावच आहे. रायफल बाहेर, फुलांमध्ये, घर पाहुण्यांनी भरलेलं, पुढचं दार उघडं, आणि खोलीत कोणी नाही.

बंदुकीची पूजा? त्याला कळेना. आता बघा, मी काय सांगू शकले असते. त्या दिवशी आपण पुस्तकांची पूजा करतो, शिवणाच्या मशीनची करतो, आमच्या सासूबाई तर विळीलासुद्धा कुंकू लावायच्या. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, युद्धाला निघण्याआधी शस्त्रांची पूजा करतात, मग सीमा ओलांडतात. यात खोटं एक अक्षर नाही. त्याचा चेहरा बदलला आणि मला — काय सांगू — तापलेल्या अंगावरून गार पाणी गेल्यासारखं वाटलं.

पोलीस भाऊजींकडे गेले. भाऊजींनी साहजिकच सांगितलं, खोली रिकामी नव्हती, माझी वहिनी बसली होती, ती स्वतः परवानेवाली आहे, तिलाच विचारा. म्हणून तो अधिकारी पुन्हा माझ्याकडे आला. तिथे मी थांबू शकले असते. हो, आठवलं, मीच होते — इतकं पुरलं असतं. पण मी मान खाली घातली आणि म्हणाले, मी तर आत पुऱ्या तळत होते.

त्याला तसूभरही शंका आली नाही. का यावी? घरात सण आहे, पाहुणे आहेत, आमच्यातली बाई दुसरीकडे कुठे असणार? जिचा जीव घरात असतो ती स्वयंपाकघरातच सापडते. भाऊजींनीच तसं सांगितलं होतं ना साहेबांना? मी फक्त त्यांचं वाक्य पुढे नेलं. वर त्या अधिकाऱ्याला विनंती केली की घरातली गोष्ट आहे, माझं नाव येऊ देऊ नका. तो म्हणाला, अर्थातच.

परवाना रद्द झाला. दोन पोलीस येऊन रायफल घेऊन गेले, शेजाऱ्यांच्या देखत. काउंटीच्या टीममधून नाव गेलं. पुढच्या वर्षी त्यांना कॅप्टन करायचं ठरत होतं, तेही गेलं. भाऊजी थेट माझ्याकडे आले. चहाला हातही न लावता त्यांनी विचारलं.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत ना त्यांना? तुम्ही होतात म्हणून?"

"सांगितलं की. घरचीच बाई म्हणून विश्वास ठेवला नाही."

"आय थॉट सो." आणि लगेच, "ती तुमची संघटना... फ्रँकली सांगा, जॉइन करणं वर्थ आहे का? लेट झालाय, पण ते अपिलाला मदत करतील?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून मला का नको होता, सांगते. अपील म्हणजे क्राउन कोर्ट. कोर्ट म्हणजे शपथ, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी. समोर संघटनेचा वकील, पुऱ्या कोणी तळल्या हे एकेका पाहुण्याला विचारणारा. पुऱ्या माझ्या जावेने तळल्या होत्या, आणि ते दहा जणांनी पाहिलं होतं. एकटे भाऊजी कोर्टात जाणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये वाघ, सरकारी टेबलासमोर शेळी. पाठीशी कोणी उभं राहिलं, तरच जातील.

विचारून सांगते, म्हणाले. आणि खरंच विचारलं! दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून संघटनेला फोन केला. नाव न सांगता. तिकडचा माणूस उत्साहाने म्हणाला, आजच मेंबर व्हायला सांगा, ही केस आम्ही घेऊ, साक्षीदार आहे म्हणता ना, मग जिंकूच. मी थँक यू म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी भाऊजींना सांगितलं, "काही उपयोग नाही. एक मासिक येतं आणि एक स्टिकर. आपल्यासारख्यांसाठी ते कशाला उभे राहतील? उलट पेपरात नाव येईल, हॉस्पिटलला कळेल. सोडून द्या."

त्यांनी सोडून दिलं. अपिलाची मुदत संपली त्या दिवशी मी घरी शेवयांची खीर केली. मोहनने विचारलं, आज काय विशेष? मी म्हणाले, सहज.

पोलिसांना कोणी सांगितलं असेल, याचा भाऊजींनी बराच विचार केला आणि त्यांचा संशय जोश्यांवर गेला. वीस वर्षांची मैत्री, एकाच हॉस्टेलमधले. त्यांनी जोश्यांशी बोलणं टाकलं. जोश्यांनी कारण विचारायला मला फोन केला, तेव्हा मी म्हणाले, स्वभाव आहे त्यांचा, काय करणार. जोश्यांनी माझं काहीही वाकडं केलं नव्हतं. ते दोघं अजून बोलत नाहीत.

भाऊजी पुढे गोल्फ शिकायला गेले, त्यात मन रमलं नाही. आता शनिवारी ते घरी बसून टीव्ही बघतात. परवान्यासाठी पुन्हा अर्ज करायला मोहन सांगतो, ते नको म्हणतात. मी कन्सल्टंट झाले नाही ती नाहीच. माझी रायफल मात्र आहे, आणि क्लबची सेक्रेटरीही मीच आहे.

दसऱ्याला ते न चुकता आमच्याकडे येतात. इथे आपट्याची पानं कुठली, बागेतली बीचच्या झाडाची पानं सोनं म्हणून माझ्या हातावर ठेवतात आणि वाकून नमस्कार करतात. गेल्या वर्षी वाकता वाकता म्हणाले, "वहिनी, तेव्हा माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच बोललात." मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झालेत. त्यांची मान खाली गेलेली बघून मला दर वर्षी बरं वाटतं.