साडूची देशी सुरी

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात पाणी वरून बघणारी माणसं पुष्कळ आहेत. पाणी खालून बघणारा एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दहिवलीत राहतो, खोपोलीकडच्या एका कारखान्यात फिटर आहे, आणि रजा मिळाली की मालवणला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडतो. पैसे देऊन बुडतो, हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. घरी असला तरी त्याच्या अंगातलं पाणी ओसरत नाही. बोलायचा कंटाळा आला की पाणबुड्यांच्या खुणा करतो. त्यांच्यात अंगठा वर केला की अर्थ होतो, 'आता वर चला'. एका लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावर ह्यानं अंगठा वर केला. वाढप्याला वाटलं, जिलबी आवडली. साडू अंगठा वर करत राहिला आणि वाढपी वाढत राहिला. शेवटी मीच आवाज चढवला तेव्हा ते थांबलं.

गेल्या खेपेला समुद्राच्या तळाशी कुणाच्या तरी तुटक्या जाळ्यात त्याचा पाय अडकला. पोटरीला बांधलेली परदेशी सुरी गंजून म्यानातच रुतलेली. बरोबरच्या पाणबुड्यानं जाळं कापून त्याला सोडवलं. हे त्यानं घरी येऊन हसत हसत सांगितलं, तिथेच चुकला. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, हसली नाही. "चांगली सुरी मिळंस्तवर समुद्र बंद," ती म्हणाली. "आनि ती माझ्यासमोर चालवून दाखवायची. नुसतं सांगायचं नाय." साडूचं तोंड मे महिन्यातल्या विहिरीसारखं झालं.

सुरी देशीच घ्यायची, यावर मात्र तो ठाम होता. "दादा, परदेशी सुरीचा स्क्रू पडला तर कुनाशी भांडू? भांडायला समोर मानूस पायजे." ह्या एका वाक्यापुरता तो मला सख्ख्या भावासारखा वाटला.

आता, कर्जतच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. हातगाडीवर सुतळी विकता विकता, घाऊकवाल्यांशी घसा फोडून भाव पाडत उभं केलेलं. घरचं दुकान असताना सुरी कुठून घ्यावी हा प्रश्न तरी पडावा का? त्याला पडला. माझ्याकडची उत्तम देशी सुरी त्यानं उलटीपालटी करून बघितली. "टोक अणकुचीदार हाय. पान्यात घाबरलेला मानूस आधी सोताचंच हवेचं जाकीट फोडतो. टोक बोथट पायजे." मग मूठ बारीक, हातमोज्यात धरता येणार नाही. मूठ काळी, हातातून सुटली तर दिसायची नाही. एका बाजूला धार आहे, पण दुसऱ्या बाजूला करवतीसारखे दाते कुठे आहेत?

"अरे, सुरी बघतोयस का सून?" मी ओरडलो.

"सुनेला म्यान लागत नाय, दादा," तो शांतपणे म्हणाला, आणि खोपोलीला जाऊन दुसरी घेऊन आला. तीही देशीच, पाणबुड्यांसाठीच केलेली. बोथट टोक, दाते, केशरी मूठ. पण घेतली कुणाकडून? जो माझ्याच गल्ल्याशेजारी बसून धंदा शिकला आणि मग माझीच गिऱ्हाइकं फोडून वेगळं दुकान टाकून बसला, त्याच्याकडून. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

सुरी गंजते का ते बघायला खारं पाणी हवं. कर्जतमध्ये समुद्र कुठला? ह्याला तो कडाव गावी, सासूबाईंच्या माजघरात सापडला. खारातल्या कैऱ्यांच्या बरणीत त्यानं मी हट्टानं दिलेली आणि खोपोलीची, अशा दोन्ही सुऱ्या गुपचूप बुडवून ठेवल्या. काही दिवसांनी सासूबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "कैरी काढाया गेले तर हाताला मूठ लागली. जावई हाय म्हनून गप बसलेय," त्या म्हणाल्या. माझ्या सुरीवर तांबूस ठिपके होते, खोपोलीची लखलखीत. "समुद्रात कैऱ्या नसतात, ही परीक्षा रद्द," मी म्हणालो. त्यानं लगेच मान्य केलं. त्याच्याशी धड भांडताही येत नाही.

मग खालापूरचं एक फार्महाऊस ठरलं. तिथल्या पोहण्याच्या तलावाचा पंप साडूच सांभाळतो. त्यानं टाकी चढवली, पायांना नायलॉनचं जाळं गुंडाळून घेतलं, दोन पोटऱ्यांना दोन सुऱ्या बांधल्या. आधी माझी चालवायची, असं मी कबूल करून घेतलं होतं. तो खोल बाजूला उतरला. मेहुणी आणि मी काठावर. पाणी नितळ होतं, त्यामुळे माझी सुरी ओल्या नायलॉनवरून घसरताना स्वच्छ दिसत होती.

"भावोजी, कापत नाय ती."

"नवी आहे. हात बसायला वेळ लागतो."

तेवढ्यात जाळं त्याच्या मनगटालाही गुंडाळलं गेलं. तो वाकला, आणि वर येणारे बुडबुडे थांबले. मेहुणीनं माझी बाही घट्ट धरली. पुढचं मला नीट आठवत नाही. मी चपला-पाकिटासकट पाण्यात होतो, आणि मला पोहता येत नाही, एवढं खरं.

नाकातोंडात पाणी जात असताना केशरी मूठ तेवढी दिसली. दोन झटक्यांत जाळं सुटलं, आणि साडूनं माझी कॉलर धरून मला काठाला लावलं.

"दादा, तुमी कशाला आलात?" तोंडातली नळी काढून त्यानं विचारलं.

"बुडबुडे कुठे गेले तुझे?" मी खोकत ओरडलो.

"गाठ बघत होतो. जरा श्वास सोडायचा ऱ्हायला."

मेहुणी काठावर बसकण मारून रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "ही केशरी चालंल. जा तुमी." म्हणजे त्या खोपोलीवाल्याच्या मालाला पसंती मिळाली ती माझ्याच सुरीच्या फजितीमुळे, आणि त्याला याचा पत्ताही नाही.

दिवाळीनंतर साडू मालवणला गेला. त्या सकाळी मेहुणी माझ्या दुकानात येऊन बसली. काही काम नव्हतं, नुसती बसली. दुपारी फोन वाजला.

"दादा, वर आलो."

"सुरी?"

"लागलीच नाय. म्यानातच ऱ्हायली."

मेहुणीला सांगितलं. तिनं मान हलवली आणि चहा न घेताच दहिवलीची रिक्षा पकडायला निघाली. ती गेल्यावर लक्षात आलं, खाली काय काय दिसलं ते विचारायचं राहूनच गेलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. परत फोन लावला, तर त्याच्या सोबत्यानं उचलला. म्हणाला, ते पुन्हा खाली गेलेत.

"बरं," मी म्हणालो. "थांबतो."