वाकड्याचं शिंग

लॉकडाउनमध्ये सगळं मेलबर्न माणसांच्या काळजीत होतं आणि आमचे सांबरकाका एका सांबराच्या. "कसा असेल गं वाकड्या?" असं कुंपणापलीकडून विचारायचे, जणू मी त्याला कालच भेटून आले होते!

काका मूळचे चंद्रपूरचे, रिटायर्ड इंजिनियर, ग्लेन वेव्हर्लीत आमच्या शेजारी एकटे राहायचे. आपल्याकडचंच सांबर इथे कुणीतरी आणून सोडलं आणि ते डोंगरभर माजलं. त्याच्या शिकारीचं रीतसर लायसन्स काकांकडे होतं. वाकड्याचं एक शिंग सरळ आणि दुसरं कपाळावरून वळून डोळ्यापुढे आलेलं. मागच्या हिवाळ्यात तो काकांना दिसला आणि निसटला, तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नव्हता.

काकांचा नियम एकच, "आधी पाय शोधायचे, मग शिंगं. शिंगं बघून माणूस येडा होतो." फिरायला गेल्यावर झुडपात कुत्रा खुडबुडला तरी मला विचारायचे, "पाय दिसले का? नाही ना? मग कुत्राच कशावरून?" मी जाम हसायचे.

निर्बंध उठल्यावर मी त्यांच्याबरोबर डोंगरात शिकारीला गेले. मी मुळात भित्री, पण घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. माझे पांढरे जोडे बघून काका वैतागले. "बाप्पा! लग्नाला चाललीस का?" मग स्वतःचं नारिंगी जॅकेट मला घालायला लावलं. ओढ्याकाठी बसवलं आणि म्हणाले, "हलायचं नाही, आवाज करायचा नाही." ते वर चढून गेले.

ऊन चढलं, मी जॅकेट काढलं. तेवढ्यात फर्नच्या दाट नेच्यांत काहीतरी दिसलं. गळून पडलेलं शिंग, वळलेलं. वाकड्याचंच! काकांना कधी दाखवते असं झालं. हाक मारायची नव्हती, म्हणून ते डोक्यावर धरून उंच नेच्यांतून निघाले.

वर बघितलं तर काका. बंदूक खांद्याला, नळी थेट माझ्याकडे. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना. शिंग टाकावं एवढंही सुचेना. आता मेले, एवढंच कळत होतं. घाबरून मागे सरले ती नेच्यांमधल्या उघड्या जागेत आले.

नळी खाली गेली. काका मटकन खाली बसले. मी पोचले तेव्हा ते बंदुकीतली गोळी बाहेर काढत होते.

"बोट चापावर होतं गं. वाकड्याच होता समोर. पाय शोधत होतो... तर हे पांढरे जोडे."

मग आम्ही दोघंही रडलो. शिंग तिथेच टाकलं. काकांनी बंदूक पोलिसांत जमा केली ती कायमची. मला तर आजही कुणी फोटोसाठी मोबाइल रोखला तरी मी बाजूला होते.

त्यानंतर मी दार उघडलं की काका आधी माझ्या पायांकडे बघायचे आणि मगच बोलायचे. राज्यांच्या सीमा उघडल्यावर ते लेकीकडे पर्थला गेले. एअरपोर्टवर मी मुद्दाम तेच जोडे घालून गेले. काकांनी खाली बघितलं. मास्कच्या आतून म्हणाले, "तूच आहेस."

मग माझ्या तोंडाकडे बघितलं.