पाचव्या बॉक्समधले साडूभाऊ

माझ्या थोरल्या साडूंइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच, तर पुढं यावं की नाही हे त्याचं अजून ठरायचं असेल. साडूभाऊ कुरुंद्याचे. उभी हयात वसमतच्या मोंढ्यात मापाडी म्हणून हळदीची पोती काट्यावर चढवण्यात गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू आधी उचलायची, थांबायचं, मग परत उचलायची, ही सवय हाडात मुरलेली. एकदा आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांना टॉर्च घ्यायचा होता. दिवसाउजेडी टॉर्चची परीक्षा कशी होणार, म्हणून मला घेऊन दिवेलागणीपर्यंत थांबले. अंधार पडला, दुकानातले सगळे टॉर्च लावून झाले, शेवटची जीप निघून गेली, आणि आम्ही फाट्यापर्यंत ठेचकाळत चालत आलो. टॉर्च काही पसंत पडला नव्हता.

अशा माणसानं होम थिएटर घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, ‘आता माझी मोटारसायकल गेली समज.’

त्यामागचं कारण मला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं. तरुणपणी साडूभाऊ गावच्या गायन पार्टीत होते. जयंतीला गावोगाव जाऊन भीमगीतं गायची, आणि एका वर्षी पार्टीच्या मास्तरांनी सगळ्यांना नांदेडला नेऊन कॅसेट काढली. मास्तर पुढं, पेटी-ढोलकी बाजूला, मागं कोरसला चौघं. त्यातले चौथे साडूभाऊ. कॅसेट घरोघर वाजली, पण साडूभाऊ काही त्यात ऐकू येईनात. बाकीच्या तिघांचे आवाज बायामाणसं नावानिशी ओळखायची. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून म्हणत आल्या, ‘मास्तरनं ह्यांना नुसतं उभं केलतं. तोंड हालवायला.’ साडूभाऊ कधी चिडले नाहीत. एवढंच म्हणायचे, ‘मी गायलो व्हतो. मशीनच हलकं हाय.’ पुढं मास्तर गेले, कोरसमधले तिघंही एकामागून एक गेले, आणि साक्षीला कोणी उरलं नाही. उरलं ते गाणं, पेनड्राइव्हमध्ये, साडूभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात.

मग आम्ही वसमत, हिंगोली, नांदेड अशी दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं समजावून सांगितलं की खोलीत पाच बॉक्स मांडायचे, दोन पुढं, एक मधे, दोन मागं, आणि कुठला आवाज कुठल्या बॉक्सात जाणार हे रिसीव्हर ठरवतो. साडूभाऊंनी गंभीरपणे मान डोलावली. ‘म्हंजे वाटणी करून देणारा. मंग हे बी मापाडीच की. मापाडी इमानदार पायजे.’ तेव्हापासून त्यांनी बॉक्सकडं पाहणंच सोडलं. दुकानात शिरायचं, जयभीम घालायचा आणि रिसीव्हर उचलायचा. ‘सव्वाचार किलो. आत कायी न्हाई.’ वसमतच्या दुकानदाराला हे सहन न होऊन त्यानं तो शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. सव्वाचारच भरला. वजनात पास झालेल्या रिसीव्हरची खरी परीक्षा पुढं असायची. पंखा बंद, शटर अर्धं खाली, आणि पाचही बॉक्सना आळीपाळीनं कान लावून अख्खं गाणं पाच वेळा. बाकीची गिऱ्हाइकं घामाघूम. हिंगोलीचा दुकानदार एकदा म्हणाला, ‘चाचा, लेना है या खाली सुनना है?’ साडूभाऊ शांतपणे म्हणाले, ‘सुनने के वास्तेच लेना है.’

शेवटी मी वैतागलो. परतताना गाडी बाजूला लावून म्हणालो, ‘साडूभाऊ, एवढी तकलीफ काहून? अक्कांची चेष्टा इतकी मनाला लावून घेता?’

ते रुमालानं तोंड पुसत बसले. मग म्हणाले, ‘पाव्हणं, तिची चेष्टा खरी असली तर? मला बी आता बराबर याद न्हाई. तोंडच हालवलं असंल कदाचित.’

मला फार वाईट वाटलं. त्यानंतर ते म्हणतील तिथं मी गुमान गाडी नेली.

अक्कांना डोळे दाखवायला हिंगोलीला आणलं होतं, त्या दिवशी त्याही दुकानात आल्या. दुकानात एकच खुर्ची, तीही मागच्या डाव्या बॉक्सजवळ. तिथं त्या बसल्या. दुकानदारानं कंटाळून कोपऱ्यातला एक जुना, वापरलेला रिसीव्हर जोडला आणि रिमोटवरचं कसलंसं बटण दाबलं. मास्तर पुढच्या बॉक्सात गेले, कडेचे आवाज मागं आले. दुसऱ्या कडव्याला अक्कांनी हात वर केला.

‘थांबवा. परत लावा.’

परत लावलं. बारीक, चिरका आवाज, सगळ्यांच्या मागून अर्धी मात्रा उशिरा येणारा. अक्का म्हणाल्या, ‘हेच हायत. जेवायला हाक मारली तरी असेच मागून येतेत.’

आम्ही सगळे हसलो. साडूभाऊ मात्र बॉक्सपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. ‘मागं हाय,’ ते म्हणाले, ‘पर हाय.’ तो रिसीव्हर त्यांनी उचलूनसुद्धा पाहिला नाही. तसाच बांधून घेतला.

पुढं कितीतरी दिवस कुरुंद्याच्या घरात चार बॉक्स बंद आणि मागचा डावा, पाचवा तेवढा चालू असायचा. आल्यागेल्याला त्याच्याजवळ बसवून ऐकवायचे. परवा गेलो तर पाचही बॉक्स दणक्यात वाजत होते, आणि साडूभाऊ कुठंच ऐकू येत नव्हते. मी विचारलं, बिघडला का?

‘न्हाई, मीच सगळे लावले,’ ते म्हणाले. ‘एकटाच ऐकू यायलो व्हतो, पाव्हणं. मास्तर लांब, ते तिघं लांब. करमंना.’

‘पण आता तुम्ही ऐकू येत नाही की.’

‘न्हाई येत. पर हाय ना तिथं. आता ठावं हाय.’

अक्का चहा घेऊन आल्या. दुसरं कडवं लागलं, तशा ट्रे हातात धरून दारातच थांबल्या. कोरस उठला, आणि त्यानंतर अर्ध्या मात्रेनं अक्कांनी मान हलवली.