म्हाळसामायचा डोह आणि तात्यासाहेबांचं धोतर

धामणवाडीच्या म्हाळसाबाईचं माहेर पाण्याखाली होतं. अगदी खरोखर. पैठणच्या धरणानं गोदाकाठची जी गावं पोटात घेतली, त्यातलंच ते एक. दिवाळीला गावातल्या बाया माहेरी निघाल्या की ती म्हणायची, "जाते की मीबी. लुगडं खोचलं, मारली उडी, की थेट आईच्या चुलीपाशी." बाया हसायच्या. म्हाळसाबाई हसायची नाही. ती म्हणायची, "बाईला अन् लेकराला पोहता आलंच पाह्यजे. माहेर कधी कुठं जाईल, काय भरवसा?"

वाळूजच्या पलीकडं, खाम नदीला जाऊन मिळणाऱ्या एका लहानशा नदीवर धामणवाडी होती. कागदोपत्री त्या नदीला नाव असेलही, गावात तिला नुसती नदी म्हणत. गावाखाली तिचा एक खोल डोह होता. काठावर जांभळीची दाट सावली, तळाला काळा खडक, त्यामुळे पाणी भर दुपारीही काळंशार दिसायचं. म्हाळसाबाईचा नवरा बिरू आणि त्याचे भाऊबंद लोकर कातरण्याआधी मेंढरं धुवायचे ते याच डोहात. छातीभर पाण्यात माणसांची रांग उभी राहायची. या काठानं मेंढरू आत घालायचं, हातोहात पुढं सरकवायचं आणि त्या काठाला बाहेर काढायचं. आपण कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलो, हे मेंढराला कळायच्या आत ते धुतलेलं असायचं.

तिथंच म्हाळसाबाईला एक गोष्ट उमगली होती. मेंढराला पोहायला कुणी शिकवत नाही, तरी ते बुडत नाही, कारण ते पाण्यात तोंड बंद ठेवतं. माणूस बुडतो तो ओरडायला जातो म्हणून. या एका शोधावर तिनं गावची दोन पिढ्यांची पोरं तारली. पाठीला वाळका भोपळा, कंबरेला तिनं स्वतः वळलेली लोकरीची दोरी, दोरीचं दुसरं टोक काठावरच्या जोडीदाराच्या हातात. आज तू पोह, मी धरतो. उद्या मी पोहतो, तू धर. जोडी ती ठरवायची, तीही वजनावर. पोराला बखोटीला धरून मेंढरासारखं उचलून बघायची आणि सांगायची, "तू याच्यासंगं." फी म्हणून प्रत्येकानं जाताना एक पाटी गाळ डोहातून काढून बांधावर टाकायचा. "पाणी फुकट हाय, पण पाण्याचं घर झाडावं लागतं," असं ती म्हणायची. लगीन झालेले बापेसुद्धा तिला म्हाळसामाय म्हणत आणि तिच्यासमोर नदीत थुंकायला घाबरत.

ही गोष्ट घडली त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला होता. अठ्ठ्याहत्तर साली गावोगावी घरं जळाली. धामणवाडीत जळाली नाहीत, पण वरच्या आळीचं आणि नदीकडच्या वस्तीचं बोलणं तुटलं ते पुढं कित्येक वर्षं तुटलेलंच राहिलं. ज्यांच्या घरात कुणी मॅट्रिकची पायरी चढलं नव्हतं, तेही विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव बदललं तर आपलं कसं होईल या काळजीनं वाळत होते. त्यात सगळ्यात जास्त काळजी तात्यासाहेबांना. तात्यासाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार. वाळूजकडं कारखाने आले तेव्हा नदीच्या वरच्या अंगाची जमीन त्यांनी एका रंगाच्या कारखान्याला दिली होती. त्यांचा नातू बन्सी चांगला गुटगुटीत. त्याच्या वजनाचं गावात दुसरं पोरगं एकच, वस्तीतल्या कचरूचा रामकिसन. म्हाळसामायनं दोघांना उचलून पाहिलं आणि जोडी लावून टाकली. तात्यासाहेबांनी कपाळाला आठी घातली, पण मेंढरं राखणाऱ्या बाईशी काय बोलायचं, म्हणून गप्प बसले.

मग मेंढरं निळी झाली.

धनगराची मेंढरं बहुतेक काळी. म्हाळसाबाईच्या कळपात पाच पांढरी होती. त्या साली धुऊन बाहेर काढली तर पाचही निळी. दिवस नामांतराचे, रंग निळा, आणि मेंढरं गावभर फिरणारी. तिसऱ्या दिवशी फटफटीवर जमादार आला.

"कुणी रंगवली?"

"नदीनं," म्हाळसाबाई म्हणाली.

"नीट सांग बाई. मला कागद करायचाय."

"करा की. नाव नदी. बापाचं नाव डोंगर. राहणार इथंच."

जमादारानं वही मिटली, ताक प्याला आणि गेला. पण तात्यासाहेबांनी चावडीवर निकाल देऊन टाकला. कचरू रंगाच्या कारखान्यात हेल्पर; त्यानंच डबा आणला, वस्तीच्या पोरांनी मेंढरं रंगवली. आजपासून डोहावरचं शिकवणं बंद. दोरीत दोरी नाही आणि जोडीत जोडी नाही.

म्हाळसाबाईला मेंढरांचं एवढं वाटलं नाही. तिचा जीव अडकला होता अठरा पोरांत. अठराही अर्धी शिकलेली. "न शिकलेलं पोरगं पाण्याला भितं तरी," ती बिरूला म्हणाली. "अर्धं शिकलेलं लई वंगाळ. पाऊस लागला की चोरून उडी टाकणार, अन् दोरी धराया कुणी नसणार. एकतरी जाईल यातलं."

बिरू म्हणाला, "तात्यासाहेबाला सांग."

"सांगून कळतं व्हय त्याला? दावाया लागंल."

संध्याकाळी तिनं कचरूला गाठलं. कचरूनं सगळं सांगितलं. कारखान्यात दर बुधवारी रंगाचे हौद धुतात, ते पाणी नळानं नदीत सोडतात. अकराच्या सुमाराला ते डोहात उतरतं. काळ्या पाण्यात वरून काही दिसत नाही. पांढरं काही बुडवावं, तेव्हाच कळतं.

"पांढरं काही," म्हाळसाबाई म्हणाली आणि तंबाखू मळू लागली. गावात सर्वांत पांढरं काय होतं, हे सांगायला नकोच. तात्यासाहेबांचं धोतर थेट शहरात, उस्मानपुऱ्यातल्या लाँड्रीत धुवायला जात असे.

दुसऱ्या दिवशी ती तात्यासाहेबांच्या ओसरीखाली जाऊन उभी राहिली.

"तुमचं खरं हाय तात्यासाहेब. बन्सीची दोरी परक्याच्या हातात कशाला? तुम्हीच धरा. आठ दिसांत पोरगं तयार करून देते. बुधवारी या."

"बुधवारीच का?"

"वार चांगला हाय."

तात्यासाहेब घुटमळले. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा आवाज आला. "जा की. लग्नाआधी तर माझ्या बापाला सांगितलं होतं, भर पुरात गोदावरी पार करतो म्हणून. मला तीस वर्षांत घोटाभर पाण्यातसुद्धा दिसला नाहीत."

आता जाणं आलं.

बुधवारी डोहावर निम्मं गाव जमलं. तात्यासाहेब कडक इस्त्रीच्या धोतरात, टोपी घालून आले. पाण्यात बिरू, त्याचा भाऊ सांडू, कचरू आणि आणखी चारपाच जण ओळीनं उभे होते, पलीकडच्या काठाशी उथळात रामकिसन. मेंढरं तर दिसत नव्हती. मग ही रांग कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. तात्यासाहेबांनी दोरीचं टोक घेतलं आणि मनगटाला दोन वेढे दिले. दोरी हाताला गुंडाळायची नाही, हा म्हाळसामायचा पहिला धडा. तो तिनं त्यांनाही सांगितला म्हणे, पण इतका हळू सांगितला की शेजारच्या जांभळीलाही ऐकू गेला नसेल.

बन्सीनं उडी मारली. त्याच्यामागं तात्यासाहेब गेले.

"तोंड बंद," काठावरून म्हाळसाबाई म्हणाली.

पुढं सगळं नेहमीसारखंच झालं. सांडूनं धरलं, बिरूकडं दिलं, बिरूनं कचरूकडं, कचरूनं काखेत हात घालून वर उचललं, मनगटाचे वेढे सोडवले आणि रामकिसनकडं सरकवलं. कोण कुठल्या आळीचा, हे पाहायला तात्यासाहेबांना उसंत नव्हती. भोपळा बांधलेला बन्सी मात्र मजेत तरंगत आजोबांची वरात बघत होता.

तात्यासाहेब पलीकडच्या काठाला उभे राहिले. धोतर निळं. टोपी निळी. मिशासुद्धा निळ्या.

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हाळसाबाईनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तात्यासाहेब, जमादाराला काय सांगायचं? कुणी रंगवलं म्हणून?"

तात्यासाहेबांनी तोंड उघडलं नाही. त्या काठाहून घराकडं जायचा रस्ता वस्तीतूनच होता. ते मुकाट चालू लागले. समाजमंदिराच्या ओट्यावर बसलेला एक म्हातारा त्यांचा अवतार बघून उठला आणि अदबीनं म्हणाला, "जय भीम, तात्यासाहेब." आणि सवयीनं म्हणा की गोंधळून, तात्यासाहेबांची मान हलली. हे पाहिल्याचं सांगणारे आजही वीसेक लोक आहेत. त्या वेळी ओट्यावर चारच जण होते.

आता मेंढरं पोरांनी रंगवली, असं म्हणायची सोय उरली नाही. बन्सीचं अंग दोन दिवस खाजत होतं, करडईचं तेल चोळावं लागलं. द्वारकाबाईंनी ते निळं धोतर अंगणात मुद्दाम दर्शनी वाळत घातलं. शेवटी तात्यासाहेबांनी ते बगलेत मारलं आणि कारखान्यात जाऊन साहेबाच्या टेबलावर पसरलं. साहेबानं विचारलं, "बुधवारचं तुम्हाला कुणी सांगितलं?" कचरूची नोकरी त्या एका उत्तरावर टांगलेली होती.

"नदीनं," तात्यासाहेब म्हणाले.

महिनाभरात नळाचं तोंड फिरलं आणि हौदांचं पाणी कारखान्याच्या आवारातल्या खड्ड्यात जाऊ लागलं. दोन पाऊस पडून डोह धुऊन निघाला. शिकवणं पुन्हा सुरू झालं, त्याच दोऱ्या, त्याच जोड्या. अठरा पोरं श्रावणाआधी तयार झाली.

मग एका सकाळी, पोरं यायच्या आधी, तात्यासाहेब एकटेच डोहावर आले. अंगावर जुनी खाकी चड्डी. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "म्हाळसाबाई, या वयात जमंल का?"

"आधी पाटीभर गाळ काढा. मागल्या खेपंची फी राह्यलीया तुमची."

त्यांनी काढला. म्हाळसाबाईनं त्यांच्या पाठीला भोपळा बांधला, बखोटीला धरून वजनाचा अंदाज घेतला आणि रात्रपाळी करून घरी निघालेल्या कचरूला हाक मारली. कचरूनं डबा खाली ठेवला, दोरी घेतली. हाताला गुंडाळली नाही.

तात्यासाहेब पाण्यात उतरले, कमरेपर्यंत गेले आणि काहीतरी बोलायला वळले.

"तोंड बंद, तात्यासाहेब," कचरू म्हणाला.