चिकूची बाजू

चिंचणीच्या अलीकडे, खाडीला लागून असलेल्या एका गावात नवतरुण क्रीडा मंडळाचं फुटबॉलचं मैदान आहे. एका अंगाला चिकूची वाडी, दुसऱ्या अंगाला खाडी. नवतरुण हे नाव ठेवलं तेव्हा ते खरं होतं. पुढे ठेवणाऱ्यांपैकी बळवंत गेला, बाकीचे गुडघे धरून घरी बसले आणि मैदानावर उरला एकटा कृष्णकांत सावे.

कृष्णकांत तारापूरच्या एका कापड कारखान्यात फिटर होता. मैदान त्याने आणि बळवंतने केलं. शिफ्ट सुटली की सायकल घरी न जाता खाडीवर जायची. घमेल्याने मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचा. बळवंत शेतकरी. तो म्हणाला, "खाडीकडे उतार ठेव. पाणी निघालं पाहिजे." उतार ठेवला. आसपासची मैदानं दिवाळीपर्यंत चिखलात असत, तेव्हा नवतरुणची पोरं दसऱ्याला बॉलची पूजा करून त्याच दुपारी खेळायला उतरत.

कृष्णकांतची अट एकच. पाऊस गेला की प्रत्येकाने मुरूम वाहायचा, खड्डे भरायचे. ज्याने घमेलं उचललं नाही त्याने बॉलला पाय लावायचा नाही. या अटीतून सरपंचाचा मुलगाही सुटला नव्हता.

उतारामुळे बॉल नेहमी खाडीकडे सरकायचा. म्हणून पास द्यायचा तो माणसाकडे नाही, माणसाच्या जरा वर, चिकूच्या बाजूला. बॉल मग आपसूक त्याच्या पायाशी येई. हे कोणी शिकवत नसे. मोठ्यांचं बघून लहान शिकत. "चिकूला मार, चिकूला!" अशी आरोळी चिकूखाली सावलीत बसलेले म्हातारेही देत. पाहुण्या संघाला ही गोम कळेपर्यंत दोन गोल बसलेले असत. बाहेर जाऊन खेळायचं तर तिथली मैदानंही शेतंच. हरलं तर दोष जमिनीचा.

यंदा पहिल्यांदाच चौदा वर्षांखालच्या पोरांना पालघरच्या स्पर्धेत उतरवलं. मैदान नवं, नकली गवताचं, ताटासारखं सपाट. एका बाजूला मंडप आणि त्यात प्रेक्षक. पोरं जीव तोडून पळाली आणि बॉल सारखा मंडपात गेला.

"अरे, आम्हाला नका देऊ, आम्ही खेळत नाय!" मंडपातून कोणी ओरडलं.

"चिकूला मार!" नवतरुणची पोरं एकमेकांना सांगत होती.

"चिकू नाय इथं. केळं देऊ?"

मंडप हसला. पोरांची माती झाली. 

दुसऱ्या दिवशी कृष्णकांतने पोरांना मैदानाभोवती पळवायला घेतलं. हरलो म्हणजे कष्ट कमी पडले, हा त्याचा आयुष्यभराचा हिशेब. ऊन चढलं तरी शिट्टी थांबेना. तेवढ्यात भावेश आला. तो याच मैदानावर वाढला, पूर्वी नवतरुणचा कप्तान होता. आता एका कारखान्यात ऑपरेटर. त्याची मुलगी मेघाली या संघातली सगळ्यात जाणती खेळाडू.

"काका, बस करा. पोरं पळायला कमी नाय पडली."

"मग कशाला कमी पडली?"

"ते मला नाय माहीत. पण बोईसरला टर्फवर क्लास हाय. सुट्टी लागली की मेघालीला तिकडं घालतो. बाकीच्यांचे आईबापही तेच म्हणतात."

"घाला ना. तिथं घमेलं उचलायला नाय लागत."

"टोमणे नका मारू, काका. तुमच्या हातचा मारही खाल्लाय मी. पण पोरगी काल रात्री जेवली नाय."

 मेघाली गेली की मागोमाग सगळी जाणार, हे कृष्णकांतला दिसत होतं. मग नवतरुण म्हणजे रस्त्यावरची गंजकी पाटी.

मेघाली नळाला तोंड लावून पाणी पीत होती. तो तिच्यापाशी गेला.

"मी पळाले, काका," ती न वळताच म्हणाली.

"पळालीस. पास कुठं मारत होतीस?"

"चिकूला."

"तिथं चिकू होता?"

"मंडप होता. आपल्याकडं माणसं चिकूखाली बसतात, तिथं मंडपात बसली होती. पायाला वाटलं ती वरची बाजू. म्हणून वर मारला." तिने तोंड पुसलं. "बॉल खाली आलाच नाय, काका."

कृष्णकांत मंडळाच्या खोलीच्या पायरीवर बसला. उभा जन्म त्याने मशिनं बसवली होती. मशिनच्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवून, केसाएवढा फरक काढून. वाकडं बसलेलं मशिन कितीही जोरात चालवलं तरी कापड वाकडंच येतं, हे तो हाताखालच्या माणसांना सांगत आला. आणि इथे वाकड्यावर पोरं घडवली, वर त्यांना पळवलं.

तो उठून घरी गेला आणि माळ्यावरून पातळी बघायची लांबलचक पारदर्शक नळी काढली.

"आता कोणाकडं गळतंय?" त्याच्या बायकोने, सुलूने विचारलं. तिला वाटलं, शेजारचा पाइप.

"आपल्याकडंच," तो म्हणाला.

नळीत पाणी भरून तो मैदानावर आला. भावेश अजून तिथेच होता.

"टोक धर. चिकूखाली जाऊन उभा राहा. नळी सरळ उभी धर."

भावेशने टोक धरलं. कृष्णकांत दुसरं टोक घेऊन खाडीच्या कडेला उतरला. पाणी हललं, डोललं, थांबलं. भावेशकडे ते त्याच्या घोट्याशी होतं. कृष्णकांतकडे कमरेच्या वर.

"काका, एवढा?"

"एवढा."

"आमाला कोणी बोललं नाय."

"मला तरी कोण बोललं? मीच केला, बळवंतच्या सांगण्यावरून. पाण्यासाठी त्याचं म्हणणं बरोबर होतं. बॉलसाठी चुकलं."

भावेशने नळी गुंडाळली. "सपाट केलं तर पाणी तुंबणार. दसऱ्याला खेळ नाय मिळायचा."

"दोन्ही अंगांना चर खणायचे. मधोमध बोटभर उंच ठेवायचं. उशीर होईल, होऊ दे."

"आणि एवढा भराव? उन्हाळाभर पुरायचं काम हाय. कोण वाहणार?"

 मंडळाच्या खोलीतून घमेलं आणि फावडं घेऊन कृष्णकांत चिकूच्या अंगाला गेला आणि उंचवटा खणायला लागला. पहिलं घमेलं डोक्यावर घेऊन तो खाडीकडे निघाला. वाटेत थांबला नाही. परत येऊन बघतो तर मेघालीने दुसरं घमेलं भरलेलं. भावेश तिच्याकडे बघत उभा होता.

"पप्पा, मला उचलून द्या ना."

भावेशने घमेलं उचललं, तिच्या डोक्यावर ठेवता ठेवता थांबला आणि आपल्याच खांद्यावर घेतलं.

"बोईसरचं काय?" कृष्णकांतने विचारलं.

"दोघं-तिघं जातीलच, काका. त्यांना अडवू नका."

"नाय अडवत. आणि ही?"

"ही हाय." भावेश खाडीकडे चालू लागला. "फक्त भरून झालं की नळी पुन्हा लावायची. तुमच्या नजरेवर आता भरोसा नाय."

"लावायचीच," कृष्णकांत म्हणाला आणि फावडं मारलं.