एका शब्दाचं मूळ गाव

"मॅडम, तुमची जात वर्गाबाहेर ठेवा."

विभागप्रमुख दारात उभं राहून बोलले. मोठ्यानं, भरलेल्या वर्गासमोर. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. माझा खडू फळ्यावरच थांबला.

मी माझ्या जातीबद्दल काही बोलतच नव्हते. इंग्रजीच्या धड्यात 'परायाह' हा शब्द आला होता. अर्थ, वाळीत टाकलेला माणूस. तो इंग्रजीत कुठून आला, ते सांगत होते. तमिळमध्ये परै म्हणजे ढोल. तो वाजवणारे परैयर. सण असो की मयत, ढोल त्यांनी वाजवायचा आणि राहायचं गावाबाहेर. गोऱ्या साहेबांनी मद्रासकडं त्यांचं नाव उचललं आणि कुणी जवळ करत नाही अशा प्रत्येकाला चिकटवलं. रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा. जितीजागती माणसं, त्यांच्या नावाची शिवी झाली.

"फक्त अर्थ सांगा," सर म्हणाले. "परीक्षेला तेवढाच येतो."

मी फक्त अर्थ सांगितला. दुपारी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी डबे एकत्र उघडले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला नव्यानं मुलाखत, आणि समोर हेच सर.

संध्याकाळी करमाडला वडिलांना फोन केला. बौद्ध झाल्यावर माझ्या आज्यानं गावाची हलगी वाजवणं सोडलं होतं. गावानं गिरणीत दळण बंद केलं, दुकानात मीठ देईनात. तेव्हा लहान असलेले वडील दळणाचं डबडं तसंच घेऊन घरी आले होते. मला वाटलं, हा माणूस तरी म्हणेल, लढ.

"पोरी, गप ऱ्हाय," ते म्हणाले. "एकलं पडणं लई वाईट असतं."

मला रडू आलं. रागही आला, पण त्यांचा नाही. आज्यासोबत निदान अख्खी वस्ती होती. माझ्यासोबत कुणीच नाही, हे फोन ठेवताना नीट कळलं.

सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, "सर, शब्द कुठून आला तेही मी शिकवणार."

"मग जूनचं अवघड आहे."

"असू द्या."

वर्गात जाऊन कालचा धडा पुन्हा काढला. जूनमध्ये हे मला घेणार नाहीत, मला माहीत आहे. तोवरचे तास माझे आहेत. त्यातल्या एकाही तासाला मी अर्धा शब्द शिकवणार नाही.